खाली काय पडणार? नेटवरून उतरवलेलं चित्र लेझर कटिंगसाठी तयार करताना

तारकर्लीच्या एका न्याहारी-निवासाची पाटी होती. वर शिडाचं गलबत, खाली घराचं नाव ‘सिंधुसागर’, सगळं मिळून सहाशे मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटरच्या प्लायमध्ये आरपार कापलेलं. मालक काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. गलबताचं चित्र नेटवरून उतरवलेलं, झकास दिसत होतं. मी म्हटलं, फाईलवर अर्धा दिवस जाईल. काका म्हणाले, “फोटो आसा मा मोबाईलात, मगे आणखी काय व्हया?”

कुडाळात माझं लेझरचं छोटं वर्कशॉप आहे आणि हा प्रश्न मी आठवड्यातून चारदा ऐकतो. उत्तर थोडक्यात असं: मोबाईलमधलं चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. लेझरचं डोकं फिरायला रेघ लागते, आणि तुकडा सुटून यायचा तर ती रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळावी लागते. ठिपक्यांपासून रेघेपर्यंतचं काम माणसाने करायचं असतं. ते करताना मी एकच प्रश्न धरून बसतो: ही रेघ कापली की खाली काय पडणार? जे पडायला हवं तेवढंच पडलं पाहिजे. पुढे काकांचीच पाटी सुरुवातीपासून शेवटापर्यंत घेतो. मी रेघांसाठी इंकस्केप आणि फोटो साफ करायला गिंप वापरतो. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. कोरलवाल्यांनी गोंधळू नये, बटणांची नावं वेगळी असली तरी काम तेच.

चित्र हातात घेताना

सर्च केल्यावर समोर दिसते ती लघुप्रत असते. तीच दाबून धरून ‘सेव्ह’ केली तर दोन-अडीचशे पिक्सेलचं काहीतरी हाती लागतं. मूळ पानावर जाऊन मोठी प्रत उतरवा. ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका; ते चित्र दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. गिऱ्हाइकाला हे फोनवर समजावण्यात माझी जी मिनिटं गेली आहेत, त्यांचे पैसे कुणी देत नाही.

मग हिशोब करायचा. काकांचं चित्र ९०० पिक्सेल रुंद होतं आणि पाटी ६०० मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरला दीड पिक्सेल, एक पिक्सेल जवळजवळ ०.६७ मिलिमीटरचा. शिडाची गोलाई त्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी येणार. नुसती आकृती कापायची असेल तर मिलिमीटरला चार पिक्सेल तरी असावेत, म्हणजे सहाशेला २४००. फोटो कोरायचा असेल तर दहाच्या आसपास. चित्र त्याहून लहान असेल तर कपाळाला हात लावायची गरज नाही, पण ट्रेसच्या, म्हणजे ठिपक्यांवरून आपोआप रेघ काढणाऱ्या, बटणावर भिस्त ठेवू नका. हाताने गिरवायची तयारी ठेवा.

फाईलचा प्रकारही पाहा. जेपीजी चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं, त्यामुळे काळ्या कडेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ दिसते. ट्रेस करताना तीच धूळ शेकडो बारीक वाटोळी होऊन बसते. पीएनजी बरं. मात्र ‘पारदर्शक पीएनजी’ म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच चित्रांत मागचे पांढरे-करडे चौकोन खरोखरच चित्रात छापलेले असतात. शक्य असेल तर एसव्हीजी शोधा, त्यात रेघा आधीच असतात. तरी उघडून तपासा, कारण एसव्हीजीच्या वेष्टनात जेपीजी चिकटवून विकणारे महाभागही आहेत. तपासायची खूण सोपी आहे. चित्रावर क्लिक करून नोडचं, म्हणजे रेघेला आकार देणाऱ्या बिंदूंचं, हत्यार घ्या. कडेने नोड दिसले तर रेघा आहेत, नाही दिसले तर नुसता फोटो.

हे चित्र कुणाचं?

नेटवर सापडलं म्हणून ते आपलं होत नाही. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणून त्यांच्या लक्ष्मीची आकृती काढायला हरकत नाही. गंजिफाचं तसं नाही. दशावतारी गंजिफाचा खेळ, दहा रंगांची १२० गोल पानं, ही परंपरा जुनी आहे. पण सावंतवाडीत आज एखाद्या कारागिराने रंगवलेल्या पानाचा फोटो उचलून त्याचे कोस्टर विकणं म्हणजे त्याच्या ताटातलं खाणं.

परवान्यात ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलं असेल तर घरच्या भिंतीसाठी चालेल, विक्रीसाठी नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचायला अर्धं मिनिट लागतं. नावाच्या पाटीवर राजमुद्रेचे सिंह मागणारेही येतात. २००५च्या कायद्याने त्याच्या वापरावर बंधन आहे. मी सरळ नाही म्हणतो.

कापायचं काय, कोरायचं काय

कॉम्प्युटर उघडायच्या आधी चित्राची प्रिंट काढून त्यावर स्केचपेन फिरवावं. लाल म्हणजे कापायचं, निळं म्हणजे कोरायचं. गलबताच्या चित्रात डोलकाठी, शीड, नाळ (पुढचं टोक), सुकाणू होतं, शिवाय पंधरा-वीस दोर. ते दोर सहाशे मिलिमीटरच्या मापात एक-दीड मिलिमीटर जाड येत होते. सहाच्या प्लायमध्ये एवढी बारीक काडी कापताना दोन्ही बाजूंनी जळते, आणि टिकलीच तर पाटी पुसताना पहिल्यांदा फडकं लागलं की गेली. माझा नियम ढोबळ आहे: उरणारी पट्टी निदान मालाच्या जाडीइतकी रुंद हवी. तीनच्या प्लायला तीन, सहाला सहा. म्हणून तीन मुख्य दोर जाड करून ठेवले, बाकीचे उडवले. काकांना ते खटकलं, कारण गलबतावरचा कुठला दोर कशासाठी असतो हे त्यांना माहीत होतं. मग उडवलेल्यांपैकी चार दोर शिडावर उथळ कोरून दिले.

मालही याच वेळी ठरवा. तीन-चारच्या प्लायमध्ये जे बारीक काम निघतं ते सहामध्ये मागू नये. आणि सनबोर्ड किंवा रेक्झिन घेऊन कुणी आलं तर परत पाठवा. त्यात पीव्हीसी असतं, जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. ती तुमच्या छातीत जाते आणि मशीनचे रेल गंजवते. आधीच खाऱ्या वाऱ्याने आपलं लोखंड काय कमी गंजतं!

काळं आणि पांढरं, मधलं काही नको

चित्र गिंपमध्ये उघडा. आधी नको ते काढा: वॉटरमार्क असेल तर मुळात ते चित्रच नको, पण मागचे ढग, पाण्यातलं प्रतिबिंब, कोपऱ्यातली तारीख हे सगळं पांढऱ्या ब्रशने पुसा. मग ‘इमेज, मोड, ग्रेस्केल’. नंतर ‘कलर्स’मधलं ‘लेव्हल्स’. काळा त्रिकोण उजवीकडे, पांढरा डावीकडे सरकवत गेलं की करडं विरळ होतं.

चित्र लहान असेल तर इथे एक युक्ती कामी येते. ‘स्केल इमेज’ने ते चौपट करा, क्युबिक पद्धत निवडा, मग गॉशियन ब्लर दोन-तीन पिक्सेलचा, आणि शेवटी ‘कलर्स’मधलं ‘थ्रेशोल्ड’. ब्लरमुळे पायऱ्या विरघळतात आणि थ्रेशोल्ड त्या धूसर कडेतून एकच स्वच्छ सीमा काढतो. गेलेला तपशील परत येत नाही, कोपरे किंचित गोल होतात, पण गलबताच्या शिडाला ते शोभतं. घराच्या किंवा देवळाच्या चित्राला शोभत नाही. तिथे कोपरे नंतर हाताने टोकदार करावे लागतात.

आता दोन मिनिटं नुसतं बघायचं. काळं म्हणजे उरणारं लाकूड, पांढरं म्हणजे पडणारं. गलबताचं शीड पांढरं होतं, साहजिकच. तसंच कापलं असतं तर शीड खाली पडून नुसती डोलकाठी उरली असती. म्हणून शीड काळं भरलं आणि त्याच्या शिवणीच्या जागी पांढऱ्या फटी सोडल्या. डोळा अशा गोष्टी मनाने भरून घेतो, मशीन घेत नाही.

ट्रेस

इंकस्केपमध्ये चित्र इंपोर्ट करा, निवडा, ‘पाथ, ट्रेस बिटमॅप’. ‘सिंगल स्कॅन’मध्ये ‘ब्राइटनेस कटऑफ’ घ्या. तिथला आकडा ०.४५ असतो; आपण थ्रेशोल्ड आधीच करून आणल्यामुळे त्याला हात लावायची सहसा वेळ येत नाही. ‘स्पेकल्स’ वाढवला की धुळीचे ठिपके गळतात. ‘स्मूद कॉर्नर्स’ गलबताला वाढवा, भौमितिक नक्षीला कमी करा. ‘ऑप्टिमाइझ’ने नोड कमी होतात. ‘अप्लाय’ केल्यावर ट्रेस मूळ चित्राच्या बरोब्बर वर येऊन बसतो आणि वाटतं काही झालंच नाही. तो बाजूला ओढा, ताडून बघा, आणि खालचं मूळ चित्र डिलीट करा. ते राहिलं तर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेही जातं आणि कोरायला सुरुवात होते.

नवशिक्यांचा सगळ्यांत जास्त माल वाया जातो तो दुहेरी रेघेपायी. चित्र जर पेनाने काढलेलं रेखाटन असेल, तर ट्रेस त्या रेघेच्या दोन्ही कडा काढतो, कारण त्याच्या लेखी एक मिलिमीटरची रेघ हा एक लांबट काळा आकार असतो. मशीन मग दोन्ही कडा कापतं आणि मधून शेवयांसारखी काडी निघते. रेखाटनासाठी त्याच खिडकीतलं ‘सेंटरलाइन ट्रेसिंग’ वापरा, कोरलमध्येही ‘सेंटरलाइन ट्रेस’ आहे. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे ते अडखळतं, तेवढे सांधे हाताने जुळवायचे.

काही चित्रांना मात्र कुठलाच ट्रेस लागू पडत नाही. रत्नागिरीच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचे फोटो घ्या. कशेळीचा हत्ती किंवा उक्षीचा हत्ती कोरून मागणारे बरेच आहेत, विशेषतः ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली तेव्हापासून. फोटोत जांभ्याचा रंग, चरातली सावली, सुकलेलं गवत, भेगा हे सगळं एकाच करड्या पट्ट्यातलं. थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, हत्तीऐवजी गोवराचं अंग मिळतं. तिथे फोटो खालच्या लेयरवर ठेवून लेयर लॉक करायचा, पारदर्शकता वाढवायची आणि पेन टूलने चर गिरवत जायचं. नोड कमीत कमी, वळणाच्या टोकाला एक आणि मध्ये काही नाही. तासाभरात हत्ती उभा राहतो. शिल्प कुणा एकाचं नसलं तरी फोटो काढणाऱ्याचा फोटो त्याचा असतो. शक्यतो आपण स्वतः जाऊन काढावा, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, म्हणजे तिरप्या उजेडात चर उठून दिसतात.

नोडांची साफसफाई

ट्रेस झाल्यावर नोड टूल घ्या. शिडाची एक वक्र कड, जिला चार नोड पुरतात, तिच्यावर साठ दिसले तर मशीन तिथे थरथरत चालतं आणि कडेला बारीक काळे दात येतात. ‘पाथ, सिम्प्लिफाय’ एकदा दाबा, बघा. दुसऱ्यांदा दाबायच्या आधी थांबा, कारण नाळेचं टोक बटाट्यासारखं व्हायला वेळ लागत नाही. फक्त खराब तुकड्यातले नोड निवडून डिलीट केलेले बरे.

मग ‘ब्रेक अपार्ट’. सगळा ट्रेस वेगवेगळ्या आकारांत फुटतो. घाबरू नका; फिल, म्हणजे आत भरलेला रंग, काढून टाका आणि आउटलाइनमध्ये बघा. आता प्रत्येक वाटोळं वेगळं निवडता येतं. दीड-दोन मिलिमीटरहून लहान असलेली सगळी उडवा. उघड्या टोकांच्या रेघा बंद करा. एकावर एक बसलेल्या दोन रेघा शोधा. कॉपी-पेस्ट करताना त्या नकळत तयार होतात आणि तीच कड दोनदा कापून कोळसा होते. मशीन चालवायला लाईटबर्न हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर उघडे आकार निवडायची आणि दुहेरी रेघा काढून टाकायची सोय त्यात तयार आहे.

अक्षरं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये यातलं काही सापडत नाही. तिथे सगळी काळजी ‘ओ’ आणि ‘ए’च्या पोटाची.

पहिली गोष्ट, चित्रावर जर नाव छापलेलं असेल तर ते ट्रेस करू नका. पुसा आणि नव्याने टाईप करा. मुक्ता, बालू, नोटो यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. कापायला जाड वजनाचे घ्या. गिऱ्हाईक जुन्या फॉन्टातली फाईल पाठवत असेल तर तिकडेच अक्षरांच्या रेघा (कर्व्ह) करून मागा, नाहीतर आपल्याकडे ‘सिंधुसागर’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा लगदा उघडतो.

टाईप केल्यावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘अनग्रुप’, मग सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’. कोरलमध्ये ‘वेल्ड’. ही तिसरी पायरी विसरलात तर काय होतं? देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ पुढच्याच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती अखंड दिसते, पण फाईलमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतंत्र कड असते. मशीन त्या सगळ्या कडा इमानेइतबारे कापतं आणि हातात सुटी अक्षरं येतात. युनियन केलं की शब्द एकसंध होतो. या बाबतीत आपली लिपी रोमनपेक्षा भाग्यवान आहे. रोमन अक्षरं मागच्या पट्टीवर एकेक करून चिकटवावी लागतात, आपला शब्द शिरोरेघेला धरून वाळत घातलेल्या मासळीसारखा एका दोरीवर लटकतो.

पण सगळीच अक्षरं दोरी धरत नाहीत. ‘ध’ आणि ‘भ’ बघा. बहुतेक फॉन्टांत यांच्या डाव्या डोक्यावर शिरोरेघ नसते, फक्त दांड्यावर असते. म्हणजे ‘सिं’ आणि ‘धु’ यांच्यामध्ये फट, आणि ‘सिंधुसागर’ दोन तुकड्यांत. यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे शिरोरेघेचा आयत लांब करून फट बुजवणे. एका दिवाळीत मी तेच केलं. ‘शुभ लाभ’चे पंचवीस जोड कापले, एकही तुटला नाही, पॉलिश करून रांगेत मांडले, आणि बायकोने आत येत वाचलं, “शुम लाम?” शिरोरेघ पूर्ण केली की भ चा म होतो आणि ध चा घ. पंचवीस जोड अजून माळ्यावर आहेत.

तेव्हापासून ती फट मी तशीच ठेवतो आणि सांधा खाली देतो. अक्षरांमधलं अंतर कमी करत जायचं, ‘ध’चं डावं पोट मागच्या ‘स’च्या दांड्यात दोनेक मिलिमीटर शिरेपर्यंत. डोक्यावर फट दिसते, वाचायला ध च वाचलं जातं, आणि लाकूड मात्र पोटाला जोडलेलं. ‘लाभ’मध्ये भ ची डावी गाठ कान्याला टेकवायची. दोनपेक्षा जास्त आत घेऊ नका, अक्षर गुदमरतं. सहाच्या प्लायसाठी तिथे सांध्याची उंची निदान पाच-सहा मिलिमीटर येते ना, तेवढं मोजा.

दुसरा पळपुटा म्हणजे अनुस्वार. तो कुणालाच धरून नसतो. कापला की जाळीतून खाली ट्रेमध्ये, आणि पाटीवर ‘सिधुसागर’. त्याला चार उपाय आहेत. अनुस्वार खाली ओढून शिरोरेघेला टेकवा, मात्र तो फोडासारखा दिसतो. शिरोरेघेतून एक बारीक देठ द्या. मागे पातळ ॲक्रिलिक लावून त्यावर वेगळा चिकटवा. किंवा चित्रातच त्याला आधार शोधा. काकांच्या पाटीत मी गलबताखालची लाट खाली आणली, तिची एक कड वेलांटीच्या पाठीला आणि एक अनुस्वाराच्या टाळूला लावली. तीन कामं एकदम झाली: अनुस्वार अडकला, गलबत नावाला जोडलं गेलं आणि पाटी वाकायची थांबली. ॐ च्या चंद्रबिंदूचंही हेच दुखणं आहे. तिथे चंद्रकोर आणि बिंदू दोघांना सांभाळावं लागतं.

हे झालं अक्षर उरवायचं असेल तेव्हा. अक्षर पाडायचं असेल, म्हणजे स्टेन्सिल किंवा मागून दिवा लावायची पाटी, तर सगळं उलटतं. अनुस्वार हे सरळ एक भोक, काही त्रास नाही. पण व, ब, क, ठ यांची पोटं आणि वेलांटी व शिरोरेघ यांच्यामधली चंद्रकोर ही बेटं होतात आणि खाली पडतात. प्रत्येक बेटाला दोन पूल हवेत, समोरासमोर, प्रत्येकी जाडीइतके रुंद. एकच पूल दिला तर बेट पेंड्युलमसारखं हलतं. काना आणि दांडा यांच्यामध्ये राहणारी लांब जीभही बघून ठेवा. ती पडत नाही, पण पावसाळ्यात बाहेर वाकते.

माप आणि काप

रेघा झाल्या, आता खरं माप द्या. ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये एकक मिलिमीटर करा, मापाच्या शेजारचं कुलूप लावा म्हणजे लांबी-रुंदी प्रमाणात बदलेल, आणि रुंदी ६०० टाका. ‘प्रेफरन्सेस’मध्ये माप ‘व्हिज्युअल’ऐवजी ‘जिओमेट्रिक’ ठेवलं नाही तर रेघेची जाडीही त्यात मोजली जाते.

फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की माप पुन्हा मोजायचंच. ०.९२च्या आधीचं इंकस्केप इंचाला ९० पिक्सेल धरायचं, नंतरचं ९६ धरतं. जुनी फाईल नव्यात उघडून हिशोब चुकला तर ६००चे ५६२.५ होतात, डोळ्याला कळतही नाही. डीएक्सएफ फाईलची गंमत याहून मोठी, त्यात एककाचा भरवसा नसतो. मिलिमीटरऐवजी इंच धरलं की चित्र २५.४ पट. ते निदान बेडबाहेर जातं म्हणून लगेच कळतं.

लेझरचा किरणही जागा खातो, तिला कर्फ म्हणतात. माझ्या मशीनवर तीनच्या प्लायमध्ये ती ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते. तुमची स्वतः मोजा: २० मिलिमीटरचे दहा चौकोन कापा, एकाला एक लावून उभे करा आणि एकूण लांबी घ्या. २००ऐवजी १९८ भरली, तर दोन भागिले दहा, ०.२. पाटीला याचा फारसा फरक पडत नाही, मखराला पडतो. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून माझ्याकडे मखरांची कामं वाढत गेली. त्यांत सगळे खांब आणि कमानी खाचेत बसवायच्या असतात. ‘तीनचा’ म्हणून आणलेला प्लाय प्रत्यक्षात २.७ही असतो आणि ३.२ही. व्हर्नियरने मोजा, कर्फ वजा करा आणि तेवढी खाच काढा. २.९चा प्लाय असेल तर खाच २.७. नेटवरच्या मखराच्या तयार फाईलमध्ये खाचा सरळ ३.० असतात; त्या बदलल्याशिवाय कापल्या तर बाप्पा येईपर्यंत मखर डुलत राहतं. आणि मोजणी कापायच्या दिवशी करा. आषाढात आणून ठेवलेला प्लाय श्रावणात तोच राहत नाही, आमच्या दमट हवेत तो फुगतो आणि वाकतोही.

रंग, क्रम, फाईल

सगळ्या आकारांचा फिल काढा, रेघ केसासारखी बारीक ठेवा. कोरायच्या रेघा निळ्या, आतले काप हिरवे, बाहेरची कड लाल. आरडीवर्क्स असो की लाईटबर्न, रंगाप्रमाणे लेयर पडतात आणि प्रत्येकाला वेगळा स्पीड, पॉवर देता येतो. क्रम ठरलेला आहे: आधी कोरणं, मग आतली भोकं, सगळ्यांत शेवटी बाहेरची कड. बाहेरचं आधी कापलं तर पाटी किंचित खाली बसते, सरकते, आणि त्यानंतरची भोकं चुकीच्या जागी पडतात.

फोटो कोरायचा असेल तर त्याला ट्रेस लागत नाही. ग्रेस्केल करा, मागचं सगळं पांढरं करा, चेहऱ्याचा कॉन्ट्रास्ट वाटतो त्याहून जास्त वाढवा, थोडा शार्पन करा, आणि कोरायच्या मापाला २५४ डीपीआयवर आणा, म्हणजे ०.१ मिलिमीटरला एक ठिपका. डिदरिंग, म्हणजे करड्या छटांचे काळे-पांढरे ठिपके करणं, मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येच होऊ द्या; त्यातली जार्व्हिस पद्धत लाकडावर बरी उतरते. आधी डिदर करून मग माप बदललं तर चेहऱ्यावर जाळी दिसते.

कापायच्या आधी

ए-फोरवर एक तुकडा शंभर टक्के मापात प्रिंट करून फूटपट्टी लावा. मग सॉफ्टवेअरचा प्रिव्ह्यू चालवा आणि डोकं कुठे कुठे उड्या मारतं ते बघा. अचानक एका कोपऱ्यात जाऊन परत आलं तर तिथे एखादा ठिपका राहून गेलेला आहे. त्यानंतर पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचं झाकण चालतं. अर्ध्या मापात, कमी पॉवरवर संपूर्ण फाईल कापायची आणि पुठ्ठा हातात उचलायचा. जे हातात येतं ती पाटी, जे खाली राहतं तो कचरा. प्लायचे पैसे घालवण्यापूर्वी हे कळतं.

काकांच्या पाटीचं पुठ्ठ्यावरचं गलबत उचललं तेव्हा सुकाणू खाली राहिलं. गलबताच्या पिछाडीपासून सुकाणूपर्यंतचा सांधा ट्रेसमध्ये एक पिक्सेल सुटला होता, मला पडद्यावर दिसला नव्हता. नोड ओढून जोडला, पुन्हा युनियन, पुन्हा पुठ्ठा. दुसऱ्यांदा सगळं एका हातात आलं.

फाईल दोन ठेवतो. एक कामाची, ज्यात मूळ चित्र, टाईप केलेलं नाव आणि ट्रेस वेगवेगळ्या लेयरवर असतात. दुसरी कापायची, नावातच माप आणि जाडी घालून: ‘सिंधुसागर-६००-प्लाय६’. काकांची पाटी आता दोन पावसाळे जुनी आहे. गेल्या महिन्यात ते धाकट्या भावाच्या घरासाठी तेच गलबत मागायला आले, फक्त निम्म्या मापात आणि तीनच्या प्लायमध्ये. भावाच्या घराचं नाव ‘गंध’. अनुस्वार आणि ध, दोन्ही.